रेडिएटरचं पाणी

बनसोडे सर गेल्याचं मला उशिरा कळलं. धाराशिवच्या भाजीबाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. त्यानं आधी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मग म्हणाला, "बाई, आपले जीपवाले सर गेले."

गावात त्यांना हेच नाव होतं. विज्ञान आणि गणित त्यांनी जन्मभर शिकवलं, पण माणसांनी त्यांना ओळखलं ते त्या गाडीवरून. त्यांच्याविषयी लिहायचं तर मलाही गाडीपासूनच सुरुवात करावी लागते. त्यांना त्यात वावगं वाटलं नसतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी मी परंडा तालुक्यातल्या खडकेवाडीला मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले. एकट्या बाईला गावात खोली मिळेना. शेवटी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरांनी आपल्या बिऱ्हाडाशेजारची खोली मला मिळवून दिली. सिस्टर म्हणजे सरांच्या पत्नी. उपकेंद्र गाव आणि बौद्धवस्ती यांच्या मधे, ओढ्याच्या काठाला होतं. गाव त्या वस्तीला अजून जुन्याच नावानं ओळखत होतं, आणि सर प्रत्येक वेळी, न चिडता, बोलणाऱ्याच्या तोंडचं ते नाव दुरुस्त करायचे. छप्पन साली वडिलांचा हात धरून त्यांनी दीक्षा घेतली होती. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. माणूस एकंदरीतच कमी बोलणारा. उंच, किंचित वाकलेला, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याच्या बाह्यांच्या टोकाला खडूनं पांढरी झालेली बोटं. बोटांची नखं मात्र कायमची काळी. ग्रीस साबणानं जातं, पण नखातलं जात नाही.

जीप घेण्याचं कारण असं. अडलेली एक बाई बैलगाडीतून बार्शीला नेताना वाटेतच गेली. सिस्टर तिच्या उशाशी होत्या. परत आल्यावर त्या उपकेंद्राच्या ओट्यावर बसून राहिल्या, आणि सर त्यांच्या शेजारी बसून राहिले. दोघं काही बोलले का, मला माहीत नाही. पुढच्या सुट्टीत सर पुण्याला गेले आणि लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावातून एक जुनी जीप घेऊन आले. तोवर त्यांनी सायकलीशिवाय काही चालवलं नव्हतं. पुण्याच्या एका ड्रायव्हरनं गाडी परंड्यापर्यंत आणून दिली. पुढचा टप्पा सरांनी त्याच्याकडून शिकत शिकत चालवला आणि शाळेचं कुंपण पाडूनच ते थांबले. हेडमास्तर बाहेर येऊन म्हणाले, "बनसोडे, दार तिकडून आहे."

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं, त्यामुळे पुढची बैलगाडी ओलांडायची तर उजव्या बाजूला बसलेल्याला मान बाहेर काढून "चला" म्हणावं लागे. ताडपत्रीला खताच्या पोत्यांची ठिगळं होती. बॉनेटवरच्या हिरव्या रंगाखाली लष्कराचा पांढरा तारा पुसट दिसायचा. पण मधला छोटा दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावायची, आणि जिथं बैल गुडघे टेकत तो सीना नदीच्या काठचा चिखल ती गुरगुरत पार करायची.

दुरुस्ती ते स्वतःच करत. लिलावातल्याच कुणाकडून त्यांनी गाडीचं इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं. त्याला खाकी कव्हर घातलं होतं. शाळेचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे होतं, म्हणून वाचणारी माणसं मी लक्ष देऊन पाहिली आहेत. सरांसारखं वाचताना मी कुणाला पाहिलं नाही. एक प्रकरण वाचायचे, पुस्तक मिटायचे, गाडीखाली शिरायचे. चुकलं की बाहेर येऊन, हात पुसून, तेच प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा. रविवारी त्यांचे फक्त पाय दिसत, आणि ज्याला काम असेल तो त्या पायांशीच बोलायचा. एकदा एक पालक बराच वेळ मुलाच्या गुणांविषयी पायांशी भांडून गेला. पाय शेवटी म्हणाले, "त्याला पाढे येत नाहीत. घरी म्हणून घ्या."

दसऱ्याला गावातली सगळी वाहनं झेंडूत बुडायची. सरांची जीप कोरडीच असे. "पूजा केली का न्हाय, सर?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं. "ग्रीसिंग केलं," एवढंच उत्तर.

गाडीचं एकच दुखणं शेवटपर्यंत बरं झालं नाही. तिचा रेडिएटर गळायचा. इंजिन थंड ठेवायला त्यात पाणी लागतं, आणि हे पाणी कुठल्यातरी न दिसणाऱ्या फटीतून झिरपून जायचं. बार्शीच्या कारागिरानं एक जागा झाळून बुजवली की दुसरी फुटायची. परंड्याच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, फटी बुजतात. पुस्तकात असं काही नव्हतं, म्हणून सरांनी आधी आठवडाभर विचार केला. मग टाकली. वस्तीतल्या बाया पाण्याला निघाल्या होत्या, त्या थांबल्याच.

"अगं बया! सरांनी गाडीला हळद लावली!"

"मग अक्षता कवा, सर?"

सरांनी टोपण घट्ट बसवलं. "मुहूर्त मी बघत नाही. तुम्ही या म्हणजे झालं."

हळदीनं महिनाभर काम भागलं. मग दुष्काळ आला, आणि ती न दिसणारी फट सगळ्या घराला दिसायला लागली.

ओढा आटला, वस्तीचा आड आटला. टँकर यायचा तेव्हा माणसं एकमेकांच्या अंगावर चढायची. अशा दिवसांत गाडीला पाणी पाजणारा माणूस म्हणजे लोकांच्या शिव्या खाणारा माणूस. पण सर गाडीसाठी थेंबही जास्तीचा मागत नसत. घरात दोन माणसं, तर दोन माणसांचाच वाटा घ्यायचा, आणि त्यातून गाडीचा काढायचा. टँकरवरचा माणूस एकदा म्हणाला, "सर, एक घागर जादा घ्या, गाडी समद्या गावाच्याच कामाची हाय." सर म्हणाले, "गाडीचं रेशनकार्ड नाही." ते पाणी धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळायचं, उकळायचं, निवल्यावर वरचं तेवढं घ्यायचं, कारण आमच्याकडच्या क्षारांनी रेडिएटर बुजतो. सिस्टर म्हणायच्या, "मला चहा एका उकळीचा, अन् हिला दोन उकळ्यांचं पाणी. सवत बरी की." म्हणायच्या, आणि स्वतःच चुलीवर पातेलं ठेवायच्या.

या पाण्याविषयी सरांचा एक नियम होता, आणि तो सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. तेव्हा आमच्याकडे रीत अशी होती की वस्तीतल्या माणसाला गावाच्या विहिरीवर पाणी लागलं तर त्यानं भांडं खाली ठेवून मागं सरायचं, आणि गावातल्यानं पोहरा उंच धरून वरून ओतायचं. कायदा वेगळं सांगत होता. रीत आपल्या जागी होती. सर म्हणत, "विहिरीला हात लावू देत असाल तर मी ओढून घेईन. वाढलेलं पाणी मी घेत नाही." पाणी नाही मिळालं तर ते गाडी तिथंच उभी करून चालत घरी येत, घरचं पाणी घेऊन परत जात. मी त्यांना असं जाताना पाहिलं आहे, दोन्ही हातांत लष्करी डबे, भर उन्हात, कुठलीही घाई नसल्यासारखे.

त्या उन्हाळ्यात गंगाधर शिंदे यांची सून कमल अडली. शिंदे गावातले मोठे शेतकरी. उपकेंद्राच्या ओट्यावर ते कधी चढले नव्हते, काम असलं की अंगणातूनच हाक मारत. त्या दिवशीही अंगणातच उभे होते, पण डोक्याचा फेटा हातात आला होता. सिस्टरांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बार्शी. आत्ताच." धरायला कुणी बाई हवी म्हणून मला बसवलं. मागं कमल, सिस्टर आणि मी. पुढं सर, आणि त्यांच्या उजव्या हाताला शिंदे.

अर्ध्या वाटेत वाफ आली. सोबतचा डबा आधीच संपला होता. सरांनी एका गावाच्या विहिरीपाशी गाडी थांबवली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ते इतर गावांहून वेगळं होतं असं वाटेल.

विहिरीवर राखण होती. पाच-सहा माणसं लिंबाखाली बसली होती. सर रिकामा डबा घेऊन उतरले. एक म्हातारा उठून पुढं आला.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"खडकेवाडीचा. बनसोडे. शाळेत शिक्षक आहे. गाडीत बाई अडलीय, आणि गाडीला पाणी पाहिजे."

"बनसोडे म्हंजी..." म्हाताऱ्यानं पुढचं तोंडात ठेवलं.

"हो. तेच."

"मग असं करा, सर." म्हाताऱ्याचा आवाज मऊ होता, उद्धट मुळीच नव्हता. "डबा हितं खाली ठिवा अन् जरा मागं सरा. पोरं वढून देत्यात. लागंल तेवढं घ्या. बाळंतपनाचं काम हाय, नगं कोन म्हनतंय?"

"मला दोर द्या. मी ओढतो."

"तेवढं न्हाय जमायचं, सर. ही एवढीच हीर जित्ती ऱ्हायलीय. समदं गाव हिच्यावर हाय."

शिंदे उतरून जवळ आले. "सर, घ्या की वो. हितं कुठं मान-अपमान काढता? पोरगी जाईल माझी." पोरगी म्हणाले, सून नाही.

सर हलले नाहीत. डबा त्यांच्या हातातच होता. घरी चालत जाऊन येण्याइतका वेळ त्या दिवशी नव्हता, हे ते जाणत होते आणि आम्हीही. कमलचा हात माझ्या हातात होता. तिची पकड सैल पडत चालली होती. तेव्हा सिस्टर मागून बोलल्या. "अहो."

एवढंच. चारचौघांत त्यांनी सरांना हाक मारलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

सरांनी डबा खाली ठेवला आणि मागं सरले. सांगितलं होतं त्याहून बरेच जास्त मागं सरले. एका पोरानं पोहरा ओढला आणि उंच धरून ओतला. डब्याचं तोंड लहान. अर्धं पाणी आत गेलं, अर्धं मातीत. थेंबाथेंबासाठी राखण बसलेली ती माणसं, पण मातीत गेलेल्या पाण्याबद्दल कुणी हळहळलं नाही. पोहऱ्याची कड डब्याला लागू नये, याकडेच सगळ्यांचं लक्ष होतं.

तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर ते तडकतं. म्हणून सरांनी इंजिन चालू ठेवलं, ओल्या फडक्यानं टोपण उघडलं आणि बारीक धारेनं, थांबत थांबत पाणी सोडलं. हात स्थिर होता. शिंदे शेजारी उभे राहून नुसते "सर, सर" म्हणत होते. मग आम्ही निघालो. बार्शीच्या दवाखान्यात कमलला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

सिस्टर तिच्यापाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सर, शिंदे आणि मी परत निघालो. निघण्याआधी सर दवाखान्याच्या नळावर रांगेत उभे राहिले आणि डबा भरून घेतला. गाडीसाठी असेल, असं मला वाटलं. त्या विहिरीपाशी त्यांनी गाडी थांबवली. तोच म्हातारा लिंबाखाली होता.

"कालचं पाणी आणलंय," सर म्हणाले.

म्हातारा हसला. "पानी कुनी माघारी आनतंय व्हय, सर? ऱ्हाऊ द्या. पोरगी सुटली का?"

"सुटली. मुलगी झाली." सर डबा घेऊन विहिरीकडे चालू लागले. "एवढीच विहीर जिवंत आहे म्हणालात. सोडतो आत."

लिंबाखालची सगळी माणसं उठली. म्हातारा सर्वांत आधी पोचला आणि कठड्यापुढं आडवा उभा राहिला. त्याचं हसू गेलं होतं. तो घाबरला होता. "पाया पडतो, सर. तेवढं नका करू. गाव प्यायचं बंद हुईल." त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि गुरांच्या हौदाकडे बोट केलं. "तिथं वता. गुरं पितील."

"गुरांना चालतं?"

"गुरास्नी काय कळतंय, सर."

"तेवढं कळतं त्यांना," सर म्हणाले, आणि त्यांनी सगळा डबा हौदात रिकामा केला. एक थेंब बाहेर पडू दिला नाही. एक खंगलेली गाय येऊन पिऊ लागली. ती मान वर करीपर्यंत ते तिथं उभे होते.

परतीच्या वाटेवर पुढं एक बैलगाडी लागली. "चला" म्हणायचं काम शिंद्यांचं होतं. ते बोललेच नाहीत. आम्ही फाट्यापर्यंत तिच्या मागं मागं आलो.

त्यानंतर पाणी भरलेले पुष्कळ डबे मागं बांधल्याशिवाय सरांनी गाडी बाहेर काढली नाही. म्हणजे घरातल्या दोघांच्या वाट्यातून आणखी गेलं. सिस्टर ओल्या फडक्यानं अंग पुसून कामावर जायच्या. एकदा मी डबे बांधू लागत होते, तेव्हा सर अचानक म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी डबा खाली ठेवला."

"दोघी वाचल्या, सर."

"ते बरोबरच झालं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन." त्यांनी दोराची गाठ ओढून पाहिली. "पण ठेवला, हेही आहेच."

दुष्काळ सरल्यावर काही वर्षांनी गावात सहकारी दूध संस्था निघाली. चेअरमन गंगाधर शिंदे. पावसाळ्यात दुधाचा टेम्पो ओढा ओलांडेना, दूध नासायला लागलं. शिंदे संध्याकाळी आले, नेहमीसारखे अंगणात उभे राहिले. जीपनं कॅन परंड्याच्या रस्त्यापर्यंत नेले तर संस्था वाचेल, भाडं सर म्हणतील ते, असं त्यांचं म्हणणं.

"भाड्याचं नंतर," सर म्हणाले. "वस्तीतल्या म्हशींचं दूध तुम्ही वेगळ्या कॅनमध्ये घेता."

शिंदे अवघडले. "लोकांचं असतंय वो सर. म्या काय करू? अन् तिकडं गेल्यावर समदं एकच हुतंय की."

"मग इथूनच होऊ द्या."

सिस्टर आतून बाहेर आल्या, ओट्यावर बसल्या. कमलची मुलगी कशी आहे, शाळेत घातली का, असं त्यांनी विचारलं. साळंत जाती, असं शिंदे म्हणाले. मग सरांकडे न बघता म्हणाले, "बरं. उद्यापास्नं." काही घरांनी चार दिवस दूध घातलं नाही. पाचव्या दिवसापासून घातलं, कारण ओढ्यापलीकडे जाणारी दुसरी गाडी नव्हती. दूध विकलं जाईल आणि गाव बदलेल असं सरांना वाटत होतं का, मी विचारलं नाही. रोज सकाळी ते कॅन चढवताना टोपण उघडून आत पाहत, एवढं मी पाहिलं आहे.

पुढं माझी बदली धाराशिवला झाली. गावात डांबरी रस्ता आला, एसटी आली, आजाऱ्यांना न्यायला सरकारी गाडी मिळू लागली. सर निवृत्त झाले. जीपला काम उरलं नाही, तरी रविवारी त्यांचे पाय तिच्याखाली दिसत, असं येणारे-जाणारे सांगायचे. डिझेलचं इंजिन बसवा, विकून टाका, असे सल्ले त्यांनी ऐकून घेतले. रेडिएटर मात्र त्यांनी कुठूनतरी नवा आणून बसवला, तो गळत नव्हता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळेच्या एका कार्यक्रमाला गेले तेव्हा. धाराशिवची गाडी मला बार्शीहून धरायची होती. "आम्ही सोडतो," सर म्हणाले. सिस्टरांचे गुडघे गेले होते, तरी त्या पुढं बसल्या. सर फार हळू चालवत होते.

त्या गावापाशी त्यांनी गाडी थांबवली. वाफ नव्हती, काही नव्हतं. सिस्टरांनीही विचारलं नाही. सरांनी मागून दोर आणि बादली काढली आणि विहिरीकडे निघाले. लिंब तिथंच होता, खाली कुणी नव्हतं. शेजारी पानाची टपरी झाली होती. तिथला तरुण मुलगा ओरडला, "काका, गाडी तापली का? हिकडं नळ हाय, देऊ का बादली भरून?"

"नको."

"त्या हिरीचं कोन घेत न्हाय आता."

"बरं," सर म्हणाले, आणि चालत राहिले.

मुलगा पुन्हा आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. सरांनी बादली सोडली. ओढताना त्यांना थांबावं लागत होतं. थांबले की दोर पायाखाली धरायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा ओढायचे. बादली वर आली. त्यांनी ती कठड्यावर ठेवली, कोपरापर्यंत हात बुडवून ओंजळभर पाणी घेतलं, पाहिलं, आणि बादली सावकाश पुन्हा विहिरीत ओतली. टपरीवर कुणी मान वर केली नाही.

गाडीत बसल्यावर सिस्टर म्हणाल्या, "कसं आहे पाणी?"

"गढूळ आहे," सर म्हणाले. "शेवाळ आलंय."

बार्शीच्या स्टँडवर मी उतरले. गाडी वळवण्यासाठी त्यांनी डावा हात खिडकीबाहेर काढला, मागच्या रिक्षाला थांबायची खूण केली. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत अजून ओली होती.